विक्री 57 टक्क्यांनी वाढली म्हणे! डोकेदुखीच्या यंत्राच्या कंपनीचा तिमाही आकडा कसा वाचायचा

औषधाच्या लाइनमध्ये ज्यांनी बॅग उचलली आहे, त्यांना ‘सेल वाढला’ हे वाक्य अर्धवट वाटतं. प्रायमरी वाढला की सेकंडरी? म्हणजे कंपनीने स्टॉकिस्टला माल दिला, की स्टॉकिस्टकडून तो दुकानात आणि दुकानातून पेशंटच्या घरी गेला? सांगली-मिरज-कोल्हापूर या पट्ट्यात एम.आर. (डॉक्टरांना भेटणारा औषध कंपनीचा प्रतिनिधी) आणि पुढे एरिया मॅनेजर म्हणून नोकरी झाली, त्यामुळे क्वार्टर एंडिंगला आकडे कसे फुगतात हे जवळून पाहिलंय. 31 मार्चला गोदामात माल टाकायचा, टाळ्या घ्यायच्या, आणि मे महिन्यात तोच माल रिटर्न.

आता माझा भाचा मोबाइलवरून अमेरिकेतले शेअर घेतो. त्याचा मेसेज: “मामा, डोकेदुखीचं मशीन विकणारी कंपनी आहे, सेल 57 टक्के वाढलाय. घेऊ?” घे किंवा नको घेऊ, हे मी सांगत नाही. आकडा कसा वाचायचा तेवढं त्याला दाखवलं, तेच इथे लिहितो.

कंपनी आहे न्यू जर्सीतली इलेक्ट्रोकोअर. तिचं यंत्र गॅमाकोअर. हातात मावणारं, मानेच्या बाजूला जेल लावून दोन मिनिटं धरायचं. त्वचेवरूनच मानेतून जाणाऱ्या व्हेगस नसेला सौम्य विद्युत स्पंदनं मिळतात. एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामकाने, 2017 मध्ये क्लस्टर डोकेदुखीसाठी आणि 2018 च्या सुरुवातीला मायग्रेनच्या वेदनेसाठी त्याला वाट मोकळी केली. जून 2018 मध्ये 15 डॉलर भावाने कंपनी नॅसडॅक या अमेरिकन शेअर बाजारात आली.

पहिलं काम: बातमी बाजूला ठेवा, कागद उघडा. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाची एडगर नावाची साइट फुकट आहे. दर तिमाहीचा अहवाल टेन-क्यू आणि वर्षाचा टेन-के तिथे मिळतो. कंपनीचं प्रसिद्धिपत्रक कंपनीनेच लिहिलेलं असतं. त्यात काय वर ठेवायचं हे तीच ठरवते. आणि एक लक्षात ठेवा, हिचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. आपली शेवटची तिमाही ती हिची पहिली. भाचा सी.ए. करतोय तरी त्यात एकदा गोंधळला.

आता खरी गंमत. 2023 ची विक्री 1.60 कोटी डॉलर, 2024 ची 2.52 कोटी. म्हणजे 57 टक्के, आकडा खोटा नाही. पण वहीत तिमाह्या एकाखाली एक लिहा. 2023 च्या चार: 28, 36, 45 आणि 51 लाख डॉलर. 2024 च्या चार: 54, 61, 66 आणि 70 लाख. प्रत्येक तिमाही मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी ताडून पाहा. पहिलीत विक्री जवळजवळ दुप्पट, दुसरीत वाढ सत्तरच्या घरात, तिसरीत पंचेचाळीस-पन्नासच्या मध्ये, चौथीत चाळीसच्या आत. म्हणजे 57 टक्क्यांचा मथळा छापून आला, तेव्हा चालता वेग कधीच खाली आला होता. मग 2025 ची पहिली तिमाही आली 67 लाखांची. मागच्या वर्षीच्या 54 शी ताडली तर वाढ पाव पटीच्या आसपास. लगेच आधीच्या 70 शी ताडली तर घट. दोन्ही खरं. जो माणूस तुम्हाला यातलं एकच सांगतो, त्याला दुसरं विचारा.

टक्के घसरले म्हणजे कंपनी बसली, असंही नाही. पाया मोठा होत गेला की टक्के आपोआप उतरतात. म्हणून मी टक्क्यांशेजारी रुपये, इथे डॉलर, लिहायला लावतो: 2024 च्या तिमाह्यांत मागच्या वर्षापेक्षा जास्तीचे आले 26, 25, 21 आणि 19 लाख. हा उतार टक्क्यांच्या उताराइतका भयंकर दिसत नाही, पण उतारच आहे. माझ्या हाताखालच्या पोरांनाही मी हेच विचारायचो: टार्गेटचे टक्के सांगू नकोस, गेल्या वर्षीपेक्षा किती डबे जास्त गेले ते सांग.

दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा: घेतो कोण? टेन-क्यूमध्ये विक्रीची फोड असते, ती सोडून पुढे जाऊ नका. इलेक्ट्रोकोअरची निम्म्याहून बरीच जास्त विक्री एका दारातून होते: माजी सैनिकांसाठीचं अमेरिकन सरकारी खातं, ज्याला व्हीए म्हणतात, आणि त्यासोबत संरक्षण खातं. व्हीएच्या यादीत 90 लाखांहून जास्त माजी सैनिक आणि सुमारे 170 मोठी रुग्णालयं आहेत. डॉक्टर लिहितो, सरकार पैसे देतं, पेशंटला खिशात हात घालावा लागत नाही. एम.आर.चं स्वप्नच म्हणा. पण एकच गिऱ्हाईक इतकं मोठं असलं की खरेदीचा एक नियम बदलला, एक कंत्राट लांबलं, की सगळी तिमाही हलते.

इथे एक बारकावा. अमेरिकेत जानेवारीत खासगी विम्याची वर्षाची वजावट (विमा लागू होण्याआधी पेशंटने स्वतः भरायची रक्कम) पुन्हा शून्यापासून सुरू होते, पेशंट खर्च पुढे ढकलतात, म्हणून बऱ्याच उपकरण कंपन्यांची पहिली तिमाही मंद जाते. हे कारण या कंपनीला सरसकट लावू नका, कारण व्हीएचा पेशंट खासगी विम्यावर अवलंबून नाही. उलट सरकारी आर्थिक वर्ष 30 सप्टेंबरला संपतं, तेव्हा जुलै-सप्टेंबरचा आकडा चांगला आला तर पुढच्या तिमाहीची वाट पाहून मगच बोला.

तिसरं, येणी, म्हणजे विकलेल्या मालाचे यायचे राहिलेले पैसे. विक्री वीस टक्के वाढली आणि ताळेबंदातली येणी ऐंशी टक्के वाढली, तर माल कुठे तरी पडून आहे किंवा पैसे अडकलेत. माल टाकल्याचा वास तिथेच येतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण कुणी करत नाही.

चौथं, विकायला किती खर्च झाला. इथे यंत्र बनवायला फार लागत नाही. शंभर डॉलरच्या विक्रीत बनवण्याचा खर्च पंधराच्या आसपास. पैसे जातात ते विकण्यात आणि ऑफिसात. 2019 मध्ये विक्री 10 लाखांवरून 24 लाखांवर गेली. टक्क्यांत केवढी उडी! आणि त्याच वर्षी तोटा 4 कोटी डॉलरच्या वर. अशी वाढ कुणीही आणेल. 2024 चं चित्र वेगळं: विक्री 92 लाखांनी वाढली आणि तोटा 1.88 कोटींवरून 1.19 कोटींवर आला, म्हणजे 69 लाखांनी कमी झाला. वाढलेल्या प्रत्येक शंभर डॉलरमागे तोटा पंचाहत्तर डॉलरनी उतरला. 57 पेक्षा मला हा आकडा जास्त आवडला. मात्र तोटा आहेच, हे भाच्याला दोनदा सांगितलं.

चिठ्ठीशिवाय मिळणारं ट्रुवागा नावाचं यंत्रही ही कंपनी थेट ग्राहकांना विकते. त्या ओळीची वाढ पाहताना जाहिरातीचा खर्च शेजारी मांडा. जाहिरात थांबवल्यावर विक्री किती उरते, हे कळेपर्यंत त्या वाढीला पूर्ण गुण देऊ नका.

पाचवं, विकत आणलेली वाढ. मे 2025 मध्ये कंपनीने न्यूरोमेट्रिक्स ही दुसरी कंपनी घेतली, सोबत तिचं क्वेल हे अंगावर बांधायचं वेदनेवरचं यंत्र आलं. त्यापुढच्या तिमाह्या, 74 लाख आणि मग 87 लाख, या जुन्या मालाशी थेट ताडता येत नाहीत. क्वेलची ओळ वजा करून उरलेल्याची वाढ काढा.

शेवटी शेअरची संख्या. टेन-क्यूच्या पहिल्याच पानावर असते. फेब्रुवारी 2023 मध्ये पंधरा शेअरचा एक केला गेला. म्हणजे 2018 चे ते 15 डॉलर आजच्या हिशेबात 225 झाले. जुना तक्ता पाहून ‘आज भाव तिथून फार दूर नाही’ म्हणणाऱ्याने हे आधी वाचावं. तोट्यातली कंपनी नवे शेअर काढून पैसे उभे करते, तेव्हा विक्री वाढली तरी तुमच्या वाट्याची विक्री वाढेलच असं नाही. एकूण विक्रीला शेअरच्या संख्येने भागा आणि तीच ओळ दर तिमाहीला वहीत उतरवा.

आणि घेतलेच, तर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरायला विसरू नका. तो डिसेंबरअखेरच्या कॅलेंडर वर्षाचा असतो, आपल्या मार्चअखेरचा नाही.