ट्रकच्या सीटवर बसायच्या आधीची तयारी, नवीन पोरांसाठी

हेवी लायसन हातात आलं की पोरांना वाटतं झालो ड्रायव्हर, आता कुठलाही शेठ चावी देईल. चावी देईल पण, माणसं मिळत नाहीत म्हणून आजकाल लगेच देतात, आणि तिथंच घोळ होतो. गाडी चालवणं दोन-चार महिन्यात येतंय हो, बाकीचं जे आहे ते आधी बघून ठेवलं नाही तर पहिल्याच वर्षी पोरगं एकतर घरी परत येतंय नाहीतर कर्जात जातंय. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय, क्रम थोडा पुढंमागं होईल, समजून घ्या.

लायसनचं आधी, कारण सगळे तेच पहिलं विचारतात. वय 20 पूर्ण पाहिजे, आणि हेवीच्या लर्निंगला बसायच्या आधी साधं चारचाकीचं लायसन एक वर्ष जुनं पाहिजे, म्हणजे आत्ता अठराचा झालेला पोरगा असेल तर त्यानं कारचं आजच काढून ठेवावं, वर्ष आपोआप सरतंय. आठवी पासची अट 2019 लाच काढून टाकली, तरी काही जण अजून शाळेचा दाखला शोधत फिरतात. डॉक्टरचं फॉर्म 1ए आणि ड्रायव्हिंग स्कूलचं फॉर्म 5 लागतं, अर्ज सारथी पोर्टलवर. ट्रान्सपोर्टचं लायसन आता 5 वर्षं चालतं, तारीख मोबाईलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा कारण तारीख संपलेलं लायसन आणि वर अपघात असं झालं तर इन्शुरन्सवाले आधी तेच पकडतात. डॉक्टरचं सर्टिफिकेट बऱ्याच ठिकाणी नुसतं शिक्का मारून मिळतं, तसं घेऊ नका, डोळे खरोखर तपासून घ्या. रात्री समोरच्या गाडीच्या लाइटनं डोळ्यापुढं पांढरं होत असेल तर ते आधी कळलेलं बरं.

टँकरवर जायचा विचार असेल, मनमाडच्या पानेवाडी डेपोला भरणाऱ्या पेट्रोल-डिझेलच्या गाड्या किंवा केमिकलच्या, तर वेगळा तीन दिवसांचा कोर्स आणि लायसनवर तशी नोंद लागते. तो कोर्स लगेच नको, आधी साधा माल ओढा.

आणि खरं सांगू का, एकदम चौदा चाकीवर बसायची घाई कशाला. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं पक्कं सांगितलंय की साध्या एलएमव्ही म्हणजे हलक्या गाडीच्या लायसनवर 7500 किलो ग्रॉस वजनापर्यंतची (गाडी आणि माल मिळून) मालाची गाडी चालते, वेगळी नोंद लागत नाही. म्हणजे छोटा हत्ती, पिकअप, 407 यांच्यावर तुम्ही हेवीचं लायसन यायच्या आधीच धंदा शिकू शकता. आरसीवर ग्रॉस वजन लिहिलेलं असतं ते बघून घ्या, गाडी लहान दिसते म्हणून धरून चालू नका. मार्केट यार्डला पहाटे भाजी टाकणं, एमआयडीसीत दोन-तीन कंपन्या फिरून माल उचलणं, यात रिव्हर्स आणि आरसे जेवढे शिकायला मिळतात तेवढे मोकळ्या हायवेवर नाही मिळत. रिव्हर्स हा ट्रकचा अर्धा धंदा आहे, भिवंडीच्या गोडाऊनच्या गल्लीत मागं लावायची वेळ आली की कळतं.

आता शेठ. माझ्या मते गाडी कुठली यापेक्षा मालक कुठला हे जास्त बघायला पाहिजे, आणि बोलणं सगळं पहिल्या दिवशी, चावी घ्यायच्या आधी. पगार महिन्याचा का ट्रिपवर? भत्ता दिवसाचा का किलोमीटरवर? गाडी दोन दिवस खाली होईना म्हणून उभी राहिली तर हॉल्टिंग म्हणजे उभं राहायचे पैसे पार्टीकडून, म्हणजे मालवाल्याकडून, शेठ घेतोय, त्या दिवसाचा तुमचा भत्ता चालू का बंद? वाराई, म्हणजे माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या हमालांचे पैसे, कोण देणार? चलन आलं तर स्पीडचं तुमचं हे ठीक, पण लोड जास्त भरायला लावला त्याचं पण तुमच्याच खात्यात टाकणार का? टायर फुटला, आरसा तुटला, डिझेलचं अ‍ॅव्हरेज कमी आलं, या तीन गोष्टींवर सगळ्यात जास्त भांडणं होतात. अ‍ॅव्हरेजचा आकडा ठरवताना भरलेली गाडी वेगळी, रिकामी वेगळी, घाटाची लाइन वेगळी, असं धरायला लावा. काही मालक ओरिजिनल लायसन ठेवून घेतात, ते द्यायचं नाही, झेरॉक्स घ्या म्हणायचं. आणि एक प्रश्न जो नवीन पोरं लाजून विचारत नाहीत, इन्शुरन्स पॉलिसीत पेड ड्रायव्हरचं कव्हर भरलंय का, पॉलिसीच्या कागदावर ती ओळ असते, फोटो काढून घरी पाठवून ठेवा. जो मालक हे विचारल्यावर चिडतो त्याची गाडी कितीही नवी असू दे, त्याच्याकडं लागू नका. तसंही 1 ऑक्टोबर 2025 पासून बनलेल्या मोठ्या ट्रकला एसी केबिन सक्तीचं आहे, पण बाजारात जुन्याच गाड्या जास्त, नवीन माणसाला एसी मिळेल ही आशा सध्या सोडा.

कागद. आरसी, इन्शुरन्स, फिटनेस, पीयूसी, परमिट, टॅक्स. ही गाडीची. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये असली तरी चालतात, पण मोबाईलची बॅटरी संपते म्हणून एक सेट फाइलला पाहिजेच. मालाची वेगळी, बिल, बिल्टी म्हणजे ट्रान्सपोर्टची मालाची पावती, आणि ई-वे बिल म्हणजे जीएसटीचा माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद. ई-वे बिल राज्याबाहेर जाणाऱ्या 50 हजाराच्या वरच्या मालाला लागतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात 1 लाखाच्या वर, आणि त्याला मुदत असते, साध्या गाडीला दर 200 किलोमीटरला एक दिवस. नवीन पोरांना वाटतं हे ऑफिसचं काम, आपल्याला काय, पण रस्त्यात धरल्यावर उभं कोण राहतं? निघताना त्यावरचा गाडी नंबर स्वतः वाचा, एक आकडा चुकीचा असला तरी डोक्याला ताप. मुदत संपायला आली आणि तुम्ही जाममध्ये किंवा गॅरेजला अडकलात तर लगेच ऑफिसला फोन करा, मुदत संपायच्या आठ तास आधीपासून ते संपल्यावर आठ तासांपर्यंत वाढवून मिळते, त्याच्यानंतर नाही. दुसऱ्या गाडीत माल बदलला तर नवीन नंबर टाकून घ्यायला सांगा.

लोड किती घ्यायचा हे पण कागदावरच आहे. दहा चाकी गाडीला मालासकट साडे 28 टन ग्रॉस, 2018 ला वाढवलं ते, त्यातनं गाडीचं रिकामं वजन वजा करा, उरला तो तुमचा माल. जास्त भरलं तर कायद्यात 20 हजार दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार, शिवाय जादा माल तिथंच उतरवायचा. कलमात चालवणारा पण येतो आणि चालवायला लावणारा पण. कळंबोलीला लोखंड भरताना किंवा खडी-वाळूला सगळे भरतात तूच काय मोठा, असं ऐकायला मिळतं. वजनकाटा करून पावती खिशात ठेवल्याशिवाय गेट सोडू नका.

आता गाडीच्या भोवतीची फेरी, ही रोज, गाडी नवी असली तरी. सकाळी चालू करायच्या आधी खाली वाकून बघायचं, ऑइल, पाणी, डिझेल कुठं ठिबकलंय का. मग टॉमी म्हणजे लोखंडी पहार घेऊन एकेक टायरवर मारत जायचं, हवा बरोबर असेल तर टणक आवाज येतो आणि टॉमी उडून परत येते, कमी असेल तर बद्द वाजतं. मागच्या जोडचाकात आतलं टायर बसलेलं असतं आणि बाहेरनं काही दिसत नाही, त्यासाठी हे ठोकणं. दोन टायरच्या मधी दगड अडकलाय का तेही तिथंच बघून घ्या. नट फिरून बघा, नटाच्या बुडाला गंजाची ताजी लाल रेघ दिसली तर तो ढिला झालाय. मग इंजिन चालू करून ब्रेकची हवा बनू द्यायची, हवेच्या मीटरचा काटा भरला की इंजिन बंद, ब्रेकवर पाय दाबून धरायचा आणि गप्प बसून ऐकायचं. फुस्स असा बारीक आवाज आला किंवा काटा खाली सरकताना दिसला तर हवा कुठंतरी जातेय, गाडी जागची हलवायची नाही. हवेच्या टाकीचं पाणी सोडायचं काम पावसाळ्यात तर विसरूच नका. बीएस 6 गाडी असेल तर धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरतात तो पातळ युरिया किती आहे बघा, तो संपला की गाडी ओढायची बंद होते, आणि त्या टाकीत चुकून डिझेल किंवा पाणी गेलं तर खर्च ऐकून शेठ आडवा होईल. मागची लाल रिफ्लेक्टर पट्टी चिखलानं भरलेली असते, फडक्यानं पुसा, दोन मिनिटं लागतात. रात्री मागनं येणाऱ्या बाइकवाल्याला तुमची उभी गाडी त्या पट्टीमुळंच दिसते.

घाटाचं जरा जास्त लिहितो. चढ कोणीही चढवतो, उतार शिकायचा असतो. साधा नियम असा की ज्या गियरमध्ये तो घाट चढला असता त्याच गियरमध्ये उतरायचा, आणि गियर घाट लागायच्या आधी टाकायचा, मधी नाही, कारण भरलेली गाडी पळायला लागल्यावर खालचा गियर पडत नाही आणि तुम्ही न्यूट्रलला अडकता. एक्झॉस्ट ब्रेक वापरा, तो सायलेन्सरकडं जाणारा धूर अडवून इंजिननंच गाडी हळू करतो. पायाचा ब्रेक घासत ठेवायचा नाही, दाबायचा, स्पीड उतरवायचा, सोडायचा. सारखा घासला की ड्रम तापतो, लायनर पकडत नाही, पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही, मग ब्रेक फेल झाला असं सगळे म्हणतात.

डिझेल वाचतंय म्हणून उतारावर न्यूट्रल करणारे किंवा इंजिनच बंद करणारे जुने लोक तुम्हाला भेटतील आणि मोठ्या तोऱ्यात शिकवतील. ऐकू नका. आत्ताच्या गाड्यांचं इंजिन गियरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरनं पाय काढला की डिझेल घेतच नाही, उलट न्यूट्रलला चालू राहायला थोडं तरी घेतं, म्हणजे वाचत काहीच नाही. आणि इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, टाकीत आहे तेवढीच हवा, चार वेळा पाय मारला की काटा खाली, वर स्टेअरिंग जड. पुण्यात नवीन कात्रज बोगद्यातनं बाहेर पडून दरी पूल, स्वामीनारायण मंदिर आणि खाली नवले पूल, हा जो उतार आहे तो साधा रस्ता वाटतो, घाट वाटतच नाही, म्हणून लोक तिथं गाडी सोडून देतात. 20 नोव्हेंबर 2022 ला तिथंच एका गाडीनं खाली येत डझनावारी गाड्या ठोकल्या. साताऱ्याकडनं येताना बोगद्याच्या आधीच स्पीड आणि गियर दोन्ही खाली आणा. मुंबईकडं खंडाळ्याचा उतार, खंबाटकीचं एस वळण, नाशिकच्या लाइनला कसारा, या प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदा जाताना शेजारी तो रस्ता माहीत असलेला माणूस पाहिजे. एक्सप्रेसवेला जड गाडी डावीकडच्या लेनला, आता कॅमेरे आहेत, लेन सोडली की चलन थेट मोबाईलवर.

झोपेबद्दल सगळे सांगतात आणि कोणी पाळत नाही. रात्री दोन ते पाच आणि दुपारी जेवल्यावर, या दोन वेळा वाईट. तंबाखू, चहा, मोठं गाणं यानं झोप जात नाही, नुसतं कळत नाही की आपण पेंगतोय. जागं राहायच्या गोळ्या ढाब्यावर कोणी देऊ केल्या तर तिथनं उठून जा. वीस मिनिटं गाडी बाजूला घेऊन पडलं तरी फरक पडतो, पण बाजूला म्हणजे ढाब्याच्या आत किंवा पंपावर, हायवेच्या कडेला पांढऱ्या पट्टीवर नाही. पार्टीचा फोन येतो कुठं पोचलास, तर खरं ठिकाण सांगा, खोटं सांगितलं की ते भरून काढायला पळवावं लागतं.

सोबत काय न्यायचं ते पटकन. टॉर्च, जॅक, टॉमी, चाकाला लावायचे दोन लाकडी ठोकळे, ताडपत्री आणि रस्सी फाटलेली नको, त्रिकोणी रिफ्लेक्टर, फ्यूज, बल्ब, पाण्याचा कॅन, हातमोजे. स्वतःला पांघरूण, मच्छरदाणी, शुगर-बीपीच्या गोळ्या चालू असतील तर त्या दोन दिवस जादा. छोटा स्टोव्ह ठेवणारे बरेच आहेत, घरचं पीठ आणि चटणी असली की भत्त्यातले पैसे वाचतात, पोट पण बरं राहतं, फक्त केबिनमध्ये पेटवू नका. थोडी रोख वेगळ्या खिशात, सगळं यूपीआयवर सोडू नका.

अपघात झाला तर, तुमची चूक असो वा नसो, पळून जायचं नाही. जखमीला दवाखान्यात पोचवणं आणि पोलिसांना कळवणं ही ड्रायव्हरची जबाबदारी कायद्यात लिहिलेली आहे. जमाव मारायला आला तर थांबून मार खा असं कायदा पण म्हणत नाही, जवळचं पोलिस ठाणे गाठा आणि तिथं हजर व्हा. 112 आणि नॅशनल हायवेवर 1033, दोन्ही नंबर सेव्ह नको, पाठ पाहिजेत. नंतर शेठला फोन, मग घरी. आणि काचेतनं व्हिडिओ काढत बसू नका.

पहिली ट्रिप शक्यतो दिवसाची घ्या, चाकण ते न्हावाशेवा किंवा तुमच्या भागातली ओळखीची लाइन, दिल्ली-कोलकाता नंतर. कोणा जुन्या ड्रायव्हरबरोबर काही महिने क्लिनर म्हणून जायला मिळालं तर कमीपणा वाटून घेऊ नका, पैसे कमी मिळतील पण रस्त्या रस्त्याचं ज्ञान तिथंच मिळतं. माल खाली झाला की पोचवर, म्हणजे माल मिळाल्याच्या कागदावर, सही-शिक्का घ्या, नग कमी किंवा भिजलेला लिहिला असेल तर तिथंच त्याच्यापुढं वाचा, फोटो काढा, कारण पोच नाही तर शेठचं भाडं अडकतं आणि शेठचं अडकलं की तुमचं अडकतं. परत आल्यावर हिशोब त्याच दिवशी, टोल, डिझेल, वाराई, हवा-पंक्चर, सगळ्या पावत्या एका पाकिटात, आणि शेठनं उद्या बघू म्हटलं तर निदान आकडा त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून ठेवा.