किशोरसंघाचा खर्च: आधी वही, मग वर्गणी

चर्चच्या मंडळीत बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांचा संघ चालवायचा, तर एकाच मोठ्या दात्याच्या भरवशावर राहू नका. तो दाता पुण्याला बदलून गेला की संघ बसलाच! त्यापेक्षा वीस घरांकडून महिना शंभर रुपये मागा. दोन हजारांत चहा-नाश्ता, झेरॉक्स, वह्या निघतात. शिबिरासाठी उपासनेनंतर कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा स्टॉल लावा. सोलापुरात तो माल पडून राहत नाही, आणि हिशोब मुलांनाच लिहू द्या. शिबिर मात्र मे महिन्यात नको, दिवाळीच्या सुट्टीत बरे.

पैसे मंडळीच्या खात्यातच ठेवा, कुणाच्या वैयक्तिक फोनपेवर नाही. अमेरिकेतल्या मावशीने मदत देऊ केली, तर आधी तिचा पासपोर्ट विचारा. भारतीय असेल आणि पैसे तिच्या बचतीतले, बँकेमार्फत येणार असतील तर चालते. नागरिकत्व बदलले असेल तर ती विदेशी देणगी ठरते आणि एफसीआरए (विदेशी देणगीचा कायदा) खालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही.

आणि हो, मुलांसोबत कायम दोन मोठी माणसे हवीत, त्यांत एक बाई. पालकांची लेखी संमती घ्याच, ओळखीचे असले तरी.