फायबरचा मोल्ड घरी बनवायचाय? आधी प्लगवर मेहनत घ्या

फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी रेसकार बनवायची स्पर्धा) टीममध्ये नवीन आलात आणि नोज कोन (गाडीचं नाक), साइडपॉडचं (बाजूचे भाग) काम तुमच्याकडे आलं तर सगळे लगेच कार्बन फायबरबद्दल बोलायला लागतात, पण पार्ट कसा येणार हे रेझिनचा (फायबर घट्ट करणारं चिकट द्रव) डबा उघडायच्या आधी प्लगवरच ठरतं. प्लग म्हणजे पार्टचा हुबेहूब आकार, त्याच्यावरून मोल्ड, म्हणजे साचा निघतो आणि साच्यातून पार्ट. प्लगवर राहिलेला ओरखडा मोल्डमध्ये जातो आणि मग प्रत्येक पार्टवर दिसतो.

आम्ही पुण्यात एमडीएफचे (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) थर चिकटवून प्लग करायचो. थर्मोकोल स्वस्त पडतो पण पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने तो विरघळतो, वापरायचाच असेल तर आधी इपॉक्सीचा (स्टायरीन नसलेलं रेझिन) कोट द्या. आणि बाजूंना 2-3 अंश तरी उतार ठेवा, नाहीतर मोल्ड सुटणार नाही. आकार आत वळत असेल तर मोल्ड दोन भागात, फ्लँज (दोन भाग जोडायची कड) लावून.

पुट्टी, प्रायमर झालं की खरं काम घासायचं. नुसत्या बोटांनी घासलं की खड्डे पडतात, लाकडी ब्लॉकला पेपर गुंडाळूनच घासा. प्रायमरवर काळ्या स्प्रेचा अगदी हलका फवारा मारा आणि मग घासा, जिथे काळं राहिलं तिथे खोलगट आहे, तिथे परत पुट्टी. 220, 400, 600 करत वॉटर पेपरने 1500 पर्यंत जायचं, मधला नंबर गाळायचा नाही कारण आधीच्या पेपरचे ओरखडे पुढच्यानेच जातात. शेवटी ट्यूबलाइट तिरपी धरून रिफ्लेक्शन बघा, रेघ वाकडी दिसली की समजा लेव्हल नाहीये. याला वेळ लागतो, आणि तो द्यावाच.

मग वॅक्सचे 5-6 हात, प्रत्येक हात वाळू देऊन पुसायचा, त्यावर पीव्हीए (मोल्ड सुटावा म्हणून लावायचा पातळ थर). पावसाळ्यात पीव्हीए लवकर वाळत नाही, घाई नको. मग जेलकोटचे (मोल्डचा गुळगुळीत पृष्ठभाग होणारं जाडसर रेझिन) दोन कोट, बोट लावल्यावर चिकट लागेल पण बोटाला येणार नाही अशा वेळी 300 ग्रॅम प्रति चौरस मीटरची चॉप्ड मॅट (ग्लास फायबरच्या तुकड्यांची चादर) रेझिनमध्ये भिजवून, रोलरने बुडबुडे काढत. सगळे थर एकाच दिवशी चढवले की मोल्ड तापतो आणि वाकतो.

रेझिन सेट करणारा हार्डनर (एमईकेपी) रेझिनच्या साधारण 1 ते 2 टक्के. कोबाल्ट (सेट व्हायचा वेग वाढवणारं) आणि हार्डनर थेट एकत्र कधीच करू नका, स्फोट होऊ शकतो, कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट मिसळायचं. गॉगल घालाच, हार्डनर डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. कापडी मास्क स्टायरीनच्या वाफेला थांबवत नाही, कार्ट्रिजवाला घ्या.

मोल्ड प्लगवरून काढायच्या आधी त्याच्या मागे प्लायच्या पट्ट्या लावा, नाहीतर मोल्ड पिळवटतो. काढताना प्लास्टिकचे वेज आणि हवा, स्क्रूड्रायव्हर नको. आणि नव्या मोल्डमधून पहिला पार्ट ग्लास फायबरचाच काढा, तो चिकटला तर निदान कार्बनचं महागडं कापड वाया जाणार नाही.