अ‍ॅल्युमिनियमचा कॅम्पिंग ट्रेलर बनवताय? या चुका टाळा

सोलापुरात उसाची ट्रॉली डोळे मिटून बनवणारे कारागीर भरपूर. गोची तिथेच होते. अ‍ॅल्युमिनियमही ते लोखंडाच्याच मापाने कापतात. वजन एक तृतीयांश झालं म्हणून मालक खूश. पण ताठपणाही एक तृतीयांशच उरतो, म्हणजे त्याच मापाचा सेक्शन तिप्पट वाकणार. 50 मिमीच्या जागी 75 मिमी उंचीचा घ्या, नुसती जाडी वाढवून भागत नाही. आणि सहज मिळतात म्हणून खिडक्यांचे सेक्शन चॅसिसला लावू नका.

सगळ्यात महागात पडतं ते वेल्डिंग. 6061-टी6 या अ‍ॅल्युमिनियमच्या मजबूत मिश्रधातूवर आर्गन वेल्डिंग मारलं की सांध्याशेजारच्या पट्ट्याची ताकद 40 टक्क्यांच्या आसपास उतरते. त्यात अ‍ॅल्युमिनियम धक्के विसरत नाही. लहान-मोठा प्रत्येक खड्डा खात्यावर चढतो. म्हणून चीर बहुधा वेल्डच्या कडेला येते, विशेषतः ओढायचा दांडा चॅसिसला मिळतो तिथे. केसाएवढी काळी रेघ, ओल्या फडक्याने पुसूनही न जाणारी. तिच्यावर पुन्हा वेल्ड मारू नका. टोकाला 3 मिमीचं भोक पाडा, ट्रेलर रिकामा करून सावकाश घरी आणा आणि तो भाग बदला.

माझं मत विचाराल तर दांडा आणि चॅसिस लोखंडाचे, वरची पेटी तेवढी अ‍ॅल्युमिनियमची. मात्र दोन्हींच्या मध्ये रबरी पट्टी घाला, बोल्टला नायलॉनचे वॉशर द्या. नाहीतर एक-दोन पावसाळ्यांत सांध्यातून पांढरी पूड गळायला लागते.

हायवेवर ट्रेलर मागून डुलतोय? नाकावर, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकावर, वजन कमी आहे. एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हुकवर हवा: 500 किलोला 50 ते 75. वजनकाट्यावर नाक टेकवून बघा. पाण्याने भरलेली 80 लिटरची टाकी म्हणजे 80 किलो. ती अ‍ॅक्सलच्या मागे नको.

मोटार वाहन कायदा, 1988 नुसार ट्रेलरही वाहनच आहे, नोंदणी लागते. कापाकापीच्या आधी आरटीओत विचारा.

उजनीच्या काठापर्यंत कच्च्या रस्त्याने गेलात की अंथरुणात धूळ सापडते. मग लोक मागच्या दाराचं रबर बदलत बसतात. चालत्या ट्रेलरच्या मागे हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे फटीतून धूळ आत ओढली जाते. पुढच्या बाजूला, उंचावर, फिल्टर लावलेला झरोका ठेवा. आत दाब राहिला की धूळ बाहेरच थांबते. पत्र्याच्या सांध्यांत लवचिक पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट भरा, कारण 3 मीटरचा पत्रा 30 अंशांनी तापला की 2 मिमी वाढतो आणि कडक पुट्टी तडकते.