उंदरांच्या क्रिएटिनिनचे आकडे जुळेनात, तेव्हा (माझा अनुभव)
जळगावचा मे महिना, पारा ४५ अंशांकडे, त्यामुळे प्रयोगशाळेतला एसी जोरात. प्रशिक्षणात उंदराच्या दोन्ही मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्या क्लॅम्पने (बारीक चिमट्याने) काही वेळ बंद करून इजा घडवायची होती. शस्त्रक्रिया सारखीच, पण २४ तासांनंतरचं क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडलं की रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ) एकाचं चढलेलं, दुसऱ्याचं जवळपास नॉर्मल.

कारण गारव्यात होतं. भुलीखालचा उंदीर भराभर थंड पडतो, आणि थंड मूत्रपिंड रक्ताविना जास्त तग धरतं. आता खाली गरम पॅड, गुदमार्गात तापमापक. ३७ अंश स्थिरावल्याशिवाय क्लॅम्प लावतच नाही. आकडे एकमेकांच्या जवळ आले, म्हणजे प्रयोगाला कमी जीव लागतात. मला त्याचंच जास्त समाधान.

क्लॅम्प लावल्यावर मूत्रपिंड जांभळं, काढल्यावर पुन्हा गुलाबी झालं का, तेही पाहा. नर-मादी एकाच गटात मिसळू नका, मादीच्या मूत्रपिंडाला ही इजा बरीच कमी होते.