एएची मीटिंग कशी शोधावी, आणि तिथे टिकावं कसं

सकाळी उठल्यावर हात थरथरतात आणि एक पेग पोटात गेल्यावरच थांबतात, अशी अवस्था असेल तर आधी डॉक्टर, मग एएची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेची, मीटिंग. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास, भ्रम, ताप, दरदरून घाम असं सुरू होऊन जिवावरही बेतू शकतं. जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग किंवा व्यसनमुक्ती केंद्रातले डॉक्टर हे दिवस औषधांवर निभावून नेतात. पिणं इतकं पुढे गेलेलं नसेल, तर आज संध्याकाळीच मीटिंगला जायला हरकत नाही.

शोध कुठून सुरू करायचा?

अमेरिकेत 1935 साली सुरू झालेल्या एएचं भारतातलं मुख्य कार्यालय मुंबईत आहे. एए इंडियाच्या संकेतस्थळावर मीटिंगांची माहिती आणि हेल्पलाइनचा नंबर मिळतो. पण नुसत्या यादीवर विसंबून घराबाहेर पडू नका. अनेक मीटिंगा शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या हॉलमध्ये भरतात. परीक्षा, सुट्ट्या, सण आले की जागा बदलते आणि यादी मात्र जुनीच राहते.

म्हणून आधी फोन करा. हेल्पलाइनवर बोलणारा बहुधा स्वतःच दारू सोडलेला असतो, त्यामुळे लाजण्यासारखं काही नाही, आणि आडनाव सांगायची गरजही नाही. मीटिंग मराठीत असते की हिंदी-इंग्रजीत, या आठवड्यात ती नक्की कुठे आहे, आणि कोणत्या गेटने कितव्या मजल्यावर जायचं, एवढं विचारून घ्या. मजल्याचा प्रश्न फालतू वाटेल, पण अनामिकतेमुळे बाहेर ठळक पाटी असेलच असं नाही. शाळेच्या गेटपर्यंत येऊन, पाच मिनिटं घुटमळून माणूस परत जातो, आणि परतीच्या वाटेवर बार असतोच.

मीटिंग ‘ओपन’ आहे की ‘क्लोज्ड’, हेही विचारा. ओपनला घरचं माणूस सोबत चालतं. क्लोज्ड फक्त ज्याला दारू सोडायची आहे त्याच्यासाठी. बायको किंवा आई-वडिलांना स्वतःसाठी आधार हवा असेल, तर अल-अनॉन हा कुटुंबीयांचा वेगळा गट आहे.

जवळपास गट नसेल, तर 14446 या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर जवळच्या केंद्राची चौकशी करा. पुण्याच्या मुक्तांगणसारखी केंद्रं (हे 1986 पासून चालू आहे) उपचारानंतरच्या पाठपुराव्याच्या बैठकाही घेतात. ऑनलाइन मीटिंग हा तात्पुरता उपाय म्हणून चांगला. मात्र कॅमेरा बंद करून ऐकणाऱ्याला ओळखी होत नाहीत, आणि खरा आधार ओळखींचाच असतो.

एकाहून जास्त गट हाताशी असतील, तर आमचा सल्ला: ज्या वेळी तुम्ही प्यायला बसत होता, नेमक्या त्याच वेळची मीटिंग निवडा. रविवार सकाळची सोयीची वाटते, पण संध्याकाळी सातचं काय करायचं हा प्रश्न तसाच उरतो.

पहिल्या दिवशी

दहा मिनिटं आधी पोहोचा आणि दिसेल त्याला ‘नवीन आहे’ एवढं सांगा. मीटिंग साधारण तास-दीड तास चालते. प्रार्थना होते, बारा पायऱ्या, म्हणजे दारूतून बाहेर पडण्याचे एएचे बारा टप्पे, वाचल्या जातात, मग एकेक जण ‘मी अमुक, मद्यपाशी’ (दारूच्या पाशात अडकलेला) असं म्हणून स्वतःचा अनुभव सांगतो. त्याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही. तुमची पाळी आली तर ‘आज फक्त ऐकायला आलोय’ म्हटलं तरी पुरतं. फी नाही, वर्गणीचा डबा फिरला तरी नवख्याने पैसे टाकलेच पाहिजेत असं नाही. जागा चर्चची असली तरी संघटना कोणत्याही धर्माची नाही.

पिऊन गेलात तर? सहसा कोणी हाकलत नाही. मागे बसून ऐका, बोलू मात्र नका.

खरी चूक मीटिंग संपल्यावर होते. नवखा माणूस चपला घालून तडक निघतो. थांबा, चहा घ्या, तीन-चार जणांचे नंबर घ्या. पुरुषांनी पुरुषांचे, बायकांनी बायकांचे घेतलेले बरे. त्याच रात्री एकाला फोन करून बघा. एरवी काही नसताना फोन करायची सवय नसेल, तर तलफ आल्यावर बोट त्या नंबरकडे वळत नाही. हे फोन पहिल्या घोटाआधी करायचे असतात.

गट आवडला नाही म्हणून एए सोडू नका. दुसरा गट बघा. निदान पाच-सहा मीटिंगा झाल्याशिवाय मत बनवू नका. पुढे स्पॉन्सर, म्हणजे पायऱ्यांवर हात धरून नेणारा जुना सदस्य, निवडताना तो किती छान बोलतो यापेक्षा किती दिवस सोबर, म्हणजे दारूपासून दूर, आहे ते बघा. त्याच्याकडून उसने पैसे घेऊ नका, त्यालाही देऊ नका. आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मीटिंगमधल्या कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. तो विषय डॉक्टरांचा.

स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायलात, तर दुसऱ्याच दिवशी मीटिंगला जा. लाजेने आठवडा काढला, तर बहुधा तो आठवडा पिण्यातच जातो. तिथल्या कित्येकांनी दिवसांची मोजणी एकापासून परत सुरू केलेली असते. तुम्हीही तेच करा आणि त्या दिवशी शेअरिंगला तेवढंच सांगा.