टूरिंग सायकलचे गिअर: आधी सगळ्यात हलका ठरवा

टूरिंगसाठी सायकल बघणारे विचारतात, "हिला किती गिअर आहेत?" मी आधी विचारते, सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे? सामान लादलेलं असताना दिवसाचा शेवटचा चढ तुम्ही सीटवर बसून चढणार की सायकल ढकलत नेणार, हे त्या एका गिअरवर ठरतं. तो पक्का झाला की बाकीचं जुळवता येतं.

पायडलच्या एका फेऱ्याला सायकल किती पुढे जाते, याचा हिशेब सोपा आहे. पुढच्या चेनरिंगचे (पायडलजवळच्या दातेरी चाकाचे) दाते भागिले मागच्या चाकावरच्या दातेरी चकतीचे दाते, गुणिले चाकाचा घेर. ७०० सी चाकावर ३८ मिमीचा टायर असेल तर घेर साधारण २.१८ मीटर. पुढे ३४ आणि मागे ३२ दाते हा बऱ्याच रोड बाइकवरचा सगळ्यात हलका गिअर. त्यात पायडलच्या एका फेऱ्याला सायकल २.३ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी सव्वाआठ किलोमीटरच्या आसपास. आता तुम्ही, सायकल आणि सामान मिळून ११० किलो धरा आणि समोर ८ टक्क्यांचा चढ. एवढ्या वेगाने चढायला सुमारे २२० वॅट लागतात. तेवढी ताकद तासभर लावणं सराव असलेल्यालाही जड जातं. आपल्याला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायचं असतं.

त्याच चढावर पुढे २२ आणि मागे ३४ लावा. एका फेऱ्याला १.४ मीटर, वेग ताशी ५ किलोमीटर आणि लागणारी ताकद १३५ वॅटच्या आत. "मग जड गिअरमध्येच हळू पायडल मारू," असं काही जण म्हणतात. हळू मारल्याने दम कमी लागेल, पण पायडलवर द्यावा लागणारा जोर तसाच राहतो आणि तो गुडघ्यांवर येतो. गुडघा दुखावला की सहल तिथेच थांबते, म्हणून या मुद्द्यावर मी हटून बसते.

डोंगराळ भाग आणि चार पॅनियर (कॅरिअरला लटकवायच्या पिशव्या) असतील तर सगळ्यात हलक्या गिअरचं गुणोत्तर, म्हणजे पुढचे दाते भागिले मागचे दाते, ०.६५ ते ०.७५ ठेवा. सामान मोजकं असेल तर ०.८ ते ०.९ चालतं. सपाट रस्त्यावर १ सुद्धा पुरे. ०.६ च्या खाली फारसं जाऊ नका, कारण वेग इतका उतरतो की तोल सांभाळण्यातच शक्ती जाते.

जड बाजूची काळजी नको. ४४ आणि ११ ची जोडी मिनिटाला ८० फेऱ्यांनी ताशी ४२ किलोमीटर वेग देते. उतारावर त्याहून वेग वाढला तर पाय थांबवा, सायकल आपली आपण जाते.

माझी स्वतःची पसंती तीन चेनरिंगना आहे: पुढे ४४-३२-२२, मागे नऊ चकत्यांची ११-३४ कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच. हिचे दाते ११, १३, १५, १७, २०, २३, २६, ३०, ३४. पुढे ३२, मागे १७ आणि मिनिटाला ७५ फेरे म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर, सामान घेऊन सपाटीवर दिवसभर टिकणारा वेग. इथे चेन जवळजवळ सरळ रेषेत असते, म्हणून ती झिजतेही कमी. समोरून वारा आला की एक चकती मोठी, मागून आला की एक लहान. मधलं चेनरिंग सोडायची वेळ क्वचित येते.

पुढे एकच चेनरिंग हवं असेल तर ३२ ला ११-५१ ची कॅसेट लावता येते. हलका गिअर ०.६३ मिळतो, पुढचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) जातो, खडबडीत रस्त्यावर कटकट कमी. पण दोन गिअरमधली अंतरं मोठी होतात आणि वाऱ्यात नेमका हवा तो गिअर सापडत नाही. रोलोफचा १४ गिअरचा हब (मागच्या चाकाच्या मध्यभागी, गिअर आतच असलेला) ५२६ टक्के पल्ला देतो, म्हणजे सगळ्यात जड गिअर सगळ्यात हलक्याच्या ५.२६ पट, प्रत्येक टप्पा सारखाच, १३.६ टक्क्यांचा, आणि सायकल थांबलेली असतानाही गिअर बदलता येतो. दर ५००० किलोमीटरला तेल बदलावं लागतं. परवडत असेल तर जरूर घ्या.

सुटे भाग जुळवताना खरी गफलत डिरेलरच्या क्षमतेत होते. माझ्या तीन चेनरिंगच्या जोडणीत पुढच्या मोठ्या आणि लहान चेनरिंगमधला फरक २२ दाते, मागचा २३, बेरीज ४५. मागचा डिरेलर किमान तेवढी चेन सामावून घेणारा हवा. चेनची लांबी मात्र मोठं चेनरिंग आणि सगळ्यात मोठी चकती या जोडीवरच ठरवा. ती आखूड पडली आणि चुकून ही जोडी लागली, तर डिरेलर उखडू शकतो. शिमानोचे नऊ-स्पीडचे (मागे नऊ चकत्यांसाठीचे) रोड शिफ्टर, म्हणजे हँडलवरचे गिअर बदलायचे खटके, माउंटन बाइकच्या मागच्या डिरेलरशी जमतात, दहा-स्पीडमध्ये जमत नाहीत. पुढच्या डिरेलरचं गणित वेगळं, तिथे रोड आणि माउंटन यांची सरमिसळ टाळाच.

हलका गिअर लावणं कमीपणाचं वाटत असेल तर एवढं ध्यानात घ्या, टूर द फ्रान्समध्येही डिरेलरला परवानगी १९३७ साली मिळाली. पॉल द व्हिवी हा फ्रेंच सायकलस्वार त्याच्या कितीतरी आधीपासून प्रवासी सायकलला अनेक गिअर हवेत असं सांगत होता.

निघण्याआधी पाण्याच्या बाटल्यांसकट पूर्ण सामान लादा आणि सापडेल तो सर्वांत तीव्र चढ बसून चढा. मिनिटाला ५० फेरेही होत नसतील तर आणखी मोठी कॅसेट किंवा आणखी लहान चेनरिंग लावा. नंतर मागचं चाक उचलून सगळ्यात हलक्या गिअरवर हाताने फिरवा. डिरेलरचा पिंजरा (चेन ताणून धरणारा खालचा भाग) आऱ्यांना घासता कामा नये. सायकल आडवी पडली की हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) वाकू शकतो आणि मग नेमका याच गिअरमध्ये पिंजरा आऱ्यांत घुसतो. हँगर बहुतेक फ्रेमचा वेगळा असतो, वाटेत सहसा मिळत नाही. म्हणून आपल्या फ्रेमचा एक सुटा हँगर सामानात ठेवा.